टॉर्क, पॉवर आणि योग्य गिअर

चढ लांबलचक होता. गाडी पाचव्या गिअरमध्ये, वेग ताशी ४५ किलोमीटर, आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर जवळजवळ तळाला टेकलेला. तरी वेग वाढायचं नाव नव्हतं. गिअरच्या दांड्यावर ठेवलेल्या तळहाताला बारीक थरथर लागत होती आणि बॉनेटखालून, पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा आवाज येत होता. शेजारी आमचे मेकॅनिक काका बसले होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं, मग म्हणाले, "अरे, गिअर खाली घे. ओढवत नाहीये तिला."

"काका, खाली घेतला की इंजिन जास्त फिरणार. मग पेट्रोल जास्त नाही का जाणार?"

"तू घे तर खरा."

तिसरा टाकला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा १,३०० वरून २,००० च्या पुढे गेला, खडखड थांबली, आणि मी पाय बराच वर घेतला तरी गाडी त्याच वेगानं, उलट जास्त मोकळेपणानं चढू लागली. इंजिन आधीपेक्षा जोरात फिरत होतं आणि पाय आधीपेक्षा कमी दाबलेला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे कळायला मला पुढे बराच काळ लागला. टॉर्क आणि पॉवर हे दोन शब्द डोक्यात नीट वेगळे झाले तेव्हा कुठे ते सुटलं. गाडीच्या माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात, आपण ते वाचतो, मित्राच्या गाडीशी ताडून बघतो आणि विसरतो. पण रोज गाडी चालवताना गिअरच्या दांड्यानं आपण नेमका याच दोन आकड्यांचा सौदा करत असतो, आणि टाकीतलं इंधन किती पुरेल हे बऱ्याच अंशी त्या सौद्यावर ठरतं.

पाना, नट आणि हात

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, पीळ. दार उघडताना बिजागरीजवळ ढकलून बघा, जड जातं. कडीजवळ ढकललं की एका बोटानं उघडतं. जोर तोच, पण बिजागरीपासूनचं अंतर वाढलं की फिरवण्याची ताकद वाढते. म्हणून टॉर्क मोजताना जोर आणि अंतर यांचा गुणाकार करतात. जोर न्यूटनमध्ये, अंतर मीटरमध्ये, त्यामुळे एकक न्यूटन-मीटर. साधारण १०० ग्रॅम वजन हातावर ठेवलं की जो भार जाणवतो तो एक न्यूटन. एक मीटर लांब दांडीच्या टोकाला तेवढा भार टांगला, की दुसऱ्या टोकाला एक न्यूटन-मीटर टॉर्क मिळाला.

आता चाकाचा नट आवळण्याचा प्रसंग घ्या. पाना २५ सेंटिमीटरचा आहे आणि तुम्ही त्याच्या टोकावर ४० किलो वजनाइतका जोर लावला, तर नटावर जवळपास १०० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. बहुतेक मोटारींच्या चाकांचे नट साधारण एवढ्याच टॉर्कवर आवळतात. आणि हा आकडा कुठे पाहिल्यासारखा वाटतोय का? लहान पेट्रोल गाडीचं सव्वा लिटरच्या आसपासचं इंजिन जास्तीत जास्त १०० ते ११५ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. म्हणजे पाना हातात घेतलेला माणूस आणि बॉनेटखालचं इंजिन पिळण्याच्या जोरात बरोबरीचे निघाले! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, मी गणित पुन्हा करून पाहिलं.

मग फरक कुठे आहे? माणूस तो पाना मिनिटाला फार तर दहा वेळा पूर्ण फिरवेल. इंजिन तेवढ्याच जोरानं मिनिटाला ४,००० वेळा फिरतं. जोर सारखा, पण काम उरकण्याचा झपाटा ४०० पट. हा झपाटा म्हणजेच पॉवर.

हिशेब एका ओळीचा आहे. टॉर्कला आरपीएमनं, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी, गुणा, ९,५४९ नं भागा, उत्तर किलोवॉटमध्ये येतं. ९,५४९ हा आकडा फक्त मिनिटांचे सेकंद आणि फेऱ्यांचे कोन करताना येतो, त्यात आणखी काही दडलेलं नाही. माणसाचे १०० न्यूटन-मीटर गुणिले १० फेरे, म्हणजे सुमारे ०.१ किलोवॉट. इंजिनाचे १०० गुणिले ४,०००, म्हणजे जवळपास ४२ किलोवॉट.

किलोवॉटऐवजी अश्वशक्ती सांगायची सवय जेम्स वॉटपासूनची. अठराव्या शतकात त्याला आपली वाफेची इंजिनं अशा लोकांना विकायची होती ज्यांची यंत्रं घोडे फिरवत होते. एक इंजिन किती घोड्यांची जागा घेईल, हाच त्यांचा प्रश्न. वॉटनं चक्राला जुंपलेल्या घोड्याच्या कामाचा अंदाज बांधला आणि मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हा आकडा ठरवला. आजच्या मापात तो ७४६ वॉट. माहितीपत्रकात 'पीएस' लिहिलेलं असेल तर ती मेट्रिक अश्वशक्ती, थोडी लहान, ७३५.५ वॉटची. 'बीएचपी' मधला 'बी' म्हणजे ब्रेक: फिरत्या इंजिनाला ब्रेक लावून, ते किती जोरानं तो ब्रेक ओढतं हे मोजायची जुनी पद्धत होती, तिचं नाव तसंच राहिलं.

टॉर्क श्वासावर, पॉवर फेऱ्यांवर

माहितीपत्रकात टॉर्कपुढे '४,००० आरपीएमला' आणि पॉवरपुढे '६,००० आरपीएमला' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे आरपीएम वेगळे का?

पिस्टनला खाली ढकलतो तो सिलिंडरमध्ये जळणारा हवा आणि इंधन यांचा मिश्र वायू. एका फटक्यात हवा जितकी जास्त भरेल तितकं जास्त इंधन जाळता येईल आणि तितका क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, जास्त पीळ मिळेल. म्हणजे टॉर्क हा इंजिनाच्या श्वासावर ठरतो. अगदी कमी आरपीएमला हवा संथ आत येते, धक्क्यांमधला वेळ जास्त असल्यानं उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून निसटते, भरणा नीट होत नाही. फार वरच्या आरपीएमला झडप उघडून मिटेपर्यंत हवेला पुरेसा वेळच मिळत नाही. चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेणारं, इंजिन ३,००० आरपीएमला फिरत असेल तर एकेका सिलिंडरला सेकंदाला २५ वेळा श्वास घ्यायचा असतो. ६,००० ला ५० वेळा. मधे कुठेतरी सिलिंडर सर्वात छान भरतो, तिथे टॉर्कचा माथा येतो.

पॉवरचा माथा मात्र पुढे सरकतो. समजा आपल्या इंजिनाचा टॉर्क ४,००० ला ११० न्यूटन-मीटर आहे, तर पॉवर ४६ किलोवॉट झाली. ६,००० ला टॉर्क घसरून ९० झाला, तरी पॉवर ५६ किलोवॉटवर गेली, कारण टॉर्क जेवढा घटला त्यापेक्षा फेरे जास्त वाढले. त्याहीपुढे इंजिनाला धाप लागते, टॉर्क इतका पडतो की फेरे वाढूनही उपयोग होत नाही.

तर माहितीपत्रकातले दोन्ही आकडे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाचे, आणि तेही एकेका ठरावीक आरपीएमचे. रोजच्या प्रवासात आपण त्या दोन्ही ठिकाणी जवळपास कधीच नसतो.

गिअरबॉक्स काय करतो, तेही इथेच सांगून टाकतो. तो टॉर्क वाढवतो आणि त्याच प्रमाणात फेरे कमी करतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन सुमारे १४ फेरे फिरलं की चाक एकदा फिरतं, आणि इंजिनाचे १०० न्यूटन-मीटर चाकाशी १,४०० होतात. पाचव्यात हेच प्रमाण साधारण ३.२ असतं, म्हणजे चाकाशी ३२०. पण गुणाकार बघा: टॉर्क वाढला तेवढे फेरे घटले, पॉवर तीच राहिली. गिअरबॉक्सला पॉवर निर्माण करता येत नाही, थोडी घर्षणात हरवता मात्र येते. सायकल चालवणाऱ्याला हे पायातून माहीत असतं. मोठ्या गिअरला पॅडल जड आणि सावकाश, लहान गिअरला हलकं आणि भराभर, आणि एकाच वेगानं एकाच रस्त्यावर जायचं असेल तर दोन्हीकडे एकंदर मेहनत सारखीच.

सारखीच, असं सायकलबद्दल म्हणताना आपण चाकापर्यंत पोचलेली मेहनत मोजतो. पायांना किती थकवा आला, हे वेगळं. इंजिनाचा सगळा काटकसरीचा प्रश्न या 'थकव्यात' आहे.

रस्त्याला खरोखर किती पॉवर लागते?

गाडी १,२०० किलोची धरू. सपाट रस्ता, वारा नाही. टायरचं घर्षण जवळपास १४० न्यूटन, ते वेगानुसार फारसं बदलत नाही. हवेचा अडसर मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. साधारण बांध्याच्या लहान गाडीला ताशी ८० ला हवा २०५ न्यूटनच्या आसपास मागे ढकलते, १०० ला ३२५, १२० ला जवळपास ४६५.

दोन्ही मिळवून वेगानं गुणलं की लागणारी पॉवर मिळते: ताशी ८० ला सुमारे ८ किलोवॉट, १०० ला १३, १२० ला २०.

या आकड्यांपाशी जरा थांबा. इंजिन ५६ किलोवॉट देऊ शकतं आणि ताशी ८० ला त्याच्याकडून फक्त ८ मागितले जातात. सातवा हिस्सा! बाकी सगळी ताकद वेग घेण्यासाठी, ओव्हरटेक करण्यासाठी, भरलेली गाडी चढावर नेण्यासाठी राखून ठेवलेली असते. आपल्या प्रवासाचा बहुतेक वेळ इंजिन आळसावलेलं असतं, आणि पेट्रोल इंजिनाला आळस फार महाग पडतो.

कारण असं. पेट्रोल इंजिनाकडून कमी काम हवं असेल तर त्याला हवा कमी द्यावी लागते. हवेच्या वाटेतली झडप, म्हणजे थ्रॉटलची चकती, जवळजवळ मिटलेली राहते आणि पिस्टन खाली जाताना त्या फटीतून हवा ओढून घेतो. तोंड मिटून बारीक नळीतून श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी चालायचं, असं काहीतरी. प्रत्येक फेऱ्यात इंजिन आपली काही मेहनत निव्वळ हवा खेचण्यात घालवतं. त्यात पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, झडपा, ऑइल पंप, पाण्याचा पंप यांचं घर्षण, आणि ते आरपीएमबरोबर वाढतं. म्हणजे इंजिन स्वतःला फिरवण्यासाठी प्रत्येक फेऱ्याला एक ठरावीक कर भरतं. चाकाला थोडंच काम द्यायचं असेल तर त्या कराचा वाटा फार मोठा होतो.

तेच काम, दोन गिअर

आता तेच ८ किलोवॉट, तीच ताशी ८० ची गाडी, एकदा पाचव्यात आणि एकदा तिसऱ्यात बघू.

पाचव्यात इंजिन सुमारे २,२५० आरपीएमला फिरतं आणि त्याला ३३ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो. तिसऱ्यात ते ३,६५० च्या पुढे जातं आणि टॉर्क फक्त २० लागतो. कागदावर दोन्हीकडे ८ किलोवॉटच. पण तिसऱ्यात इंजिन मिनिटाला चौदाशे फेरे जास्त फिरतंय, म्हणजे तो कर चौदाशे वेळा जास्त भरतंय. शिवाय टॉर्क कमी हवा म्हणून थ्रॉटल आणखी मिटलेलं, म्हणजे श्वासाला आणखी अडथळा.

इंजिनाची काटकसर मोजायचं माप म्हणजे एक किलोवॉट-तास काम करायला किती ग्रॅम इंधन लागलं. चांगलं पेट्रोल इंजिन आपल्या सर्वोत्तम अवस्थेत २५० ग्रॅमच्या आसपास काम उरकतं. आपल्या उदाहरणातल्या पाचव्या गिअरच्या अवस्थेला ढोबळपणे ३३० धरा आणि तिसऱ्याच्या अवस्थेला ४४०. तासाभरात ८० किलोमीटर जायला पाचव्यात सुमारे साडेतीन लिटर पेट्रोल लागेल, तिसऱ्यात पावणेपाच लिटरच्या जवळ. रस्ता तोच, वेग तोच, पोचायची वेळही तीच. प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे असतील, पण कल याच दिशेचा असतो.

इंजिन बनवणारे लोक याचा एक नकाशा काढतात. आडव्या रेषेवर आरपीएम, उभ्या रेषेवर टॉर्क, आणि सारखा इंधनखर्च असलेले बिंदू जोडत गेलं की भूगोलाच्या पुस्तकातल्या डोंगराच्या समोच्च रेषांसारखी वळसे घेणारी चित्रं उमटतात. मधलं लहान बेट म्हणजे सर्वात काटकसरीची जागा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत ते २,००० ते ३,००० आरपीएमच्या पट्ट्यात आणि त्या आरपीएमला मिळू शकणाऱ्या टॉर्कच्या साधारण तीन चतुर्थांशाजवळ असतं. अगदी पूर्ण टॉर्कवर ते नसतं, कारण ॲक्सिलरेटर तळाला गेला की अनेक पेट्रोल इंजिनं सिलिंडर थंड ठेवायला गरजेपेक्षा जास्त इंधन सोडतात. माझ्या मते गाडी शिकवताना हे चित्र एकदा तरी दाखवायला हवं. 'हळू पाय दाब' हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण त्या नकाशाचा खालचा भाग, जिथे पाय हलका आणि इंजिन भिरभिरतंय, तोच सर्वात खर्चिक असतो.

म्हणजे नियम असा निघतो: हवी तेवढी पॉवर कमी फेऱ्यांत आणि जास्त टॉर्कनं मिळवा. पण हा नियम ताणून धरला की माझ्यासारखं चढावर होतं.

त्या चढाचं गणित

तो चढ ५ टक्क्यांचा धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर उंची. गाडीला फक्त वर उचलायलाच जवळपास ५९० न्यूटन जोर लागतो, टायर आणि हवा धरून ८०० च्या आसपास. ताशी ४५ ला हे १० किलोवॉट झाले. पाचव्या गिअरमध्ये इंजिन तेव्हा १,३०० च्या आतच होतं, म्हणजे त्याच्याकडून ७५ न्यूटन-मीटर टॉर्क मागितला जात होता. गिअरबॉक्समधलं घर्षण धरलं तर आणखी थोडा. त्या आरपीएमला असं इंजिन जास्तीत जास्त एवढाच टॉर्क देऊ शकतं. राखीव काही उरलंच नव्हतं, म्हणून पाय तळाला जाऊनही वेग वाढत नव्हता.

तिसऱ्यात आरपीएम २,०५० च्या वर गेला आणि मागणी ४६ न्यूटन-मीटरवर आली. तिथे इंजिनाकडे देण्यासारखे ९५ च्या आसपास असतात. म्हणजे निम्म्या ताकदीत काम झालं आणि पाय वर आला. पॉवर तीच १० किलोवॉट.

आणि तो डब्यातल्या खड्यांचा आवाज? सिलिंडर काठोकाठ भरलेला, पिस्टन संथ, दाब आणि उष्णता दोन्ही जास्त. ठिणगीनं पेटवलेली ज्योत सरकत पोचण्याआधीच कोपऱ्यातला मिश्र वायू आपोआप पेटतो आणि दाबाची लाट भिंतींवर आदळते. यालाच नॉकिंग म्हणतात. आजच्या गाड्यांमधला सेन्सर ते ऐकतो आणि ठिणगी उशिरा पाडायला सांगतो. इंजिन वाचतं, पण उशिरा पेटवलेलं इंधन कमी काम करतं. फार काळ असं ओढत राहिलं तर पिस्टन आणि बेअरिंगना त्रास होतो. टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंप) आणि थेट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणं) असलेल्या लहान पेट्रोल इंजिनांत कमी आरपीएमला भरपूर टॉर्क मागणं तर जास्तच घातक, कारण त्यांत ठिणगीआधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

गाडी चालवताना

वेग घेताना घाबरत घाबरत पाय टेकवू नका. अर्ध्यापेक्षा थोडा जास्त दाबा आणि पेट्रोल गाडीत २,००० ते २,५०० च्या दरम्यान, डिझेलमध्ये थोडं आधी, पुढचा गिअर टाका. यात इंजिन वेग घेताना त्या काटकसरीच्या बेटाजवळून जातं आणि लवकर वरच्या गिअरला पोचतं. अगदी हलक्या पायानं दुसऱ्या-तिसऱ्यात रेंगाळणारा माणूस प्रामाणिकपणे बचत करायला बघत असतो, पण खर्च वाढवत असतो.

मात्र घेतलेला वेग उधळला तर या सगळ्यावर पाणी पडतं. १,२०० किलोची गाडी ताशी ६० ला असताना तिच्यात १६७ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ती द्यायला इंजिनानं अंदाजे २० मिलिलिटर पेट्रोल जाळलेलं असतं, मोठ्या चमच्यापेक्षा थोडं जास्त. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते सगळं ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेलं. ताशी १०० वरून थांबलात तर जवळपास तिप्पट. पुढे लाल दिवा किंवा गर्दी दिसतेय, तर पाय आधीच काढा. गिअरच्या कुठल्याही कौशल्यापेक्षा गर्दीच्या रस्त्यावर ही लांबवर बघायची सवय जास्त इंधन वाचवते, असं मला मनापासून वाटतं.

पाय काढल्यावर गाडी गिअरमध्येच राहू द्या. उतारावर न्यूट्रल टाकायची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. तेव्हा इंजिन फिरत असेपर्यंत ते पेट्रोल ओढतच राहायचं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला आणि आरपीएम साधारण १,२०० ते १,५०० च्या वर असला, तर संगणक इंधन पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला इंधन लागतं, तासाला पाऊण लिटरच्या आसपास. शिवाय मोठ्या उतारावर इंजिनाचा आवर सुटल्यानं सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. इंजिन बंद करून उतरणं तर करूच नका: ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. उतार सौम्य असेल तर सर्वात वरचा गिअर ठेवा, इंजिनाचा अडथळा कमीत कमी लागतो.

मोकळ्या रस्त्यावर सर्वात मोठा निर्णय वेगाचा. वरचेच आकडे घेतले तर ताशी ८० ऐवजी १२० नं गेल्यावर तेच अंतर कापायला पाऊणपट जास्त ऊर्जा लागते. जास्त भाराखाली इंजिन थोडं काटकसरीनं चालतं, त्यामुळे इंधन अगदी त्याच प्रमाणात वाढत नाही, पण वाढ ठळक असते. इथे गिअरचं काही चालत नाही. हवा कुठल्याही गिअरला सूट देत नाही.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच, की डिझेल इंजिनात हवा अडवून ताकद कमी करत नाहीत, फक्त इंधन कमी सोडतात. म्हणून हलक्या कामातही ते पेट्रोल इंजिनाइतकं उधळं होत नाही. टर्बोमुळे १,८०० च्या आसपासच त्याला भरघोस टॉर्क मिळतो, त्यामुळे गिअर लवकर बदलता येतो. पण टर्बो जागा होण्याआधी, १,२००-१,३०० ला, त्याच्यावर ओझं टाकू नका. ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये आठ-आठ, दहा-दहा गिअर देण्यामागचं कारणही तेच बेट: जितके गिअर जास्त तितकं इंजिनाला तिथे धरून ठेवणं सोपं. अशा गाडीत पाय किंचित सैल केला की ती पुढचा गिअर टाकते, हे लक्षात आलं की तुम्ही पायानंच गिअर बदलू शकता. हायब्रिड गाडी एक पाऊल पुढे जाते. हलक्या कामाला मोटर वापरते आणि इंजिन चालू केलंच तर त्याला चांगला भार देऊन चालवते, उरलेली ऊर्जा बॅटरीत. विजेच्या मोटरला तर शून्य आरपीएमलाच पूर्ण टॉर्क मिळतो आणि कमी भाराचा आळस तिला फारसा महाग पडत नाही, म्हणून तिचं एका गिअरवर भागतं.

तुमच्या गाडीत आरपीएमचा काटाच नसेल, तर पायाला विचारा. सपाट रस्त्यावर ठरलेल्या वेगानं जाताना ॲक्सिलरेटर थोडा आणखी दाबा. गाडीनं लगेच, सरळ प्रतिसाद दिला तर गिअर योग्य आहे, आणि वरचा गिअर टाकूनही तोच प्रतिसाद मिळत असेल तर वरचा जास्त योग्य आहे. दाबूनही काही घडत नसेल, दांड्याला थरथर लागत असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर एक गिअर खाली घ्या आणि पाय कुठपर्यंत वर येतो ते बघा.